कोपरा फाटलेलं कार्ड

श्री

हिंगणी, ता. ४ फेब्रुवारी २०२४

तीन पत्रं आली तुही, अन् तिन्हीत किल्लेच किल्ले. पहिल्यात पडका किल्ला, दुसऱ्यात चढावरचा किल्ला, तिसऱ्यात म्हणे किल्ल्याचं दार बंद होतं. बंद दारावरही तू दीड पान लिहिलं. बापाले चमच्यानं पाणी पाजा लागते, त्याच्यासाठी दीड ओळ नाई निंगाली तुह्या हातून. आधी हे ऐकून घे, आशीर्वाद मंग.

चि. रजत यास देवकाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र मी सोता लिहून राह्यली. आकांक्षाले सांगतलं का ते पोट्टी माह्या बोलण्यातले काटे येचून काढते अन् तुले नुसती भाजी पाठवते. मी चौथी शिकली, तेवढी तुह्यासाठी पुरते. अक्षर लागलं नाई तं दोनदा वाच.

तुह्या बापाचं दसऱ्याले जसं होतं तसंच हाये. उजवं आंग गेलं ते गेलं, वाचा गेली. कागद समोर धरला तं पाह्यते, पण अक्षर लागत नाई. डॉक्टर म्हणे मेंदूतला तेवढा दिवा इझला. गावात कोणाच्या घरी कोण गेलं, कोण आलं, हे मात्र सारं समजते त्याले. फोनमंदी तुहं तोंड दाखवलं का हा बाजेवरून उठाले जाते. दिवाळीले तसाच पडला, कपाळ फुटलं. तवापासून डॉक्टरनं तुहं दर्शन बंद केलं. म्हणून पत्र टाक म्हणलं. तसंही तुह्या बापानं, माह्या धनानं, जलमभर या गावात टपाल वाटलं, त्याले कागदाचाच भरवसा. तुहं पत्र आलं का डाव्या हातानं छातीवर धरून बसते. वाचून मी दाखवते. किल्ले आले का गाळते.

आता कामाचं. आकांक्षाची वनरक्षकात निवड झाली. जूनच्या दहा तारखेले चंद्रपूरले ट्रेनिंगले हजर व्हायचं हाये. नाई गेली तं जागा दुसऱ्याची. बापाले उठवणं, धुणं, पुसणं, कूस बदलणं, सारं त्या एकटीच्या आंगावर हाये. माह्यात आता हंडा उचलाचा जोर नाई, गडी कुठून उचलू? तुही माय असती तं गोष्ट येगळी होती, पण ते हुशार निंगाली, आधीच मेली. तवा तू येजो. दहा जूनच्या आत येजो.

तुह्या धंद्याचं मले समजलं नाई. तुहा बाप सरकारी काळ्या सायकलवर धरणापासून तं जंगलातल्या वस्तीपर्यंत गोट्यागोट्यातून फिरला, त्याले कोणी म्हणलं नाई का वा, काय रस्ता हाये. तिकडं तेच कराले लोक इमानात बसून येतात म्हणे, अन् वरून तुले पैसे देतात. पोटभर खाल्लं का माणूस असाच येडा होते.

लोभ हाये तेवढा पुरे, वाढवायचं काम नाई. येजो.

देवकाबाई


श्री

कासेरेस, स्पेन, ता. २५ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. आजीस रजतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं. शिव्या सगळ्या लागल्या, अक्षरही लागलं. बाबांची आठवण काढत नाही असं तू म्हणतेस, पण आजी, मी दिवसभर सायकलवर असतो आणि चढ आला की मला त्यांचीच पाठ दिसते. हे लिहिता येत नाही म्हणून किल्ले लिहितो.

माझं काम तुला पुन्हा सांगतो, बाबांनाही वाचून दाखव. पाहुण्यांची टोळी घेऊन मी मेरिदाहून उत्तरेकडे निघतो. रोमन लोकांनी बांधलेला जुना रस्ता आहे, आता त्याची नुसती पांदण उरलीय. मध्ये मध्ये दगडी खांब उभे आहेत, आपल्या मैलाच्या दगडांसारखे, पण दोन हजार वर्षांचे. दोन्ही बाजूंना ओकची झाडं, त्यांच्याखाली काळी डुकरं फळं खात फिरतात. मेरिदात पाणी आणायची उंच कमान आहे, पाणी कधीच आटलं, आता वर करकोच्यांची घरटी. अल्कांतराला नदीवर एक पूल आहे, रोमन लोकांचाच. त्याच्यावरून अजून मोटारी जातात. बाबांनी तो पाहिला तर सायकलवरून उतरून आधी त्याला हात लावतील.

येण्याचं अवघड आहे. मार्च ते जून इथे सायकलवाल्यांचा हंगाम. मध्येच सोडून आलो तर काम जाईल, आणि काम गेलं तर इथे राहायचा कागदही जाईल. जुलैत इथे आपल्या मे महिन्यासारखं ऊन तापतं, पाहुणे येत नाहीत. तेव्हा बघतो. तोवर एखादा माणूस ठेवा. खालच्या आळीतला कवडू मोकळाच असतो ना? त्याचं काय ते मी पाठवीन. आकांक्षाला सांग, तिची निवड झाली हे वाचून मी भर चौकात ओरडलो.

तुझ्या शिव्यांचा ओघ आटू देऊ नकोस, इथे मराठी तेवढीच कानावर येते.

तुझा रजत


श्री

हिंगणी, ता. २० मार्च २०२४

माणूस ठेवा, हे लिहाले तुले शाई कशी पुरली? बाप हाये तो, वावरातली राखण नाई.

चि. रजत यास आशीर्वाद. वि. वि. तुह्या सांगण्यावरून कवडूले ठेवलं. हाडापेरानं मजबूत हाये, डोकं देवानं रिकामं ठेवलं म्हणून जोर जास्त असंल. पहिल्या दिवशी त्यानं धनाले असं उचललं का म्या म्हणलं आता ट्रॅक्टरमंदीच टाकते. पण शिकला. उठवते, धुते, घाण वाटत नाई त्याले. रात्रीची सवडही हाये. अडचण कवडूची नाई.

अडचण तुह्या बापाची हाये. तो कवडूच्या हातून जेवत नाई. माह्या हातूनही नाई. तोंड चोवीस घंटे दाराकडं. आर्वीची बस मोडावर थांबली का मान उचलते. गल्लीतून सायकल गेली का घशातून आवाज काढते. घास पुढं केला का दात मिटून घेते, जसा काही घास खाता खाताच तू दारातून येशीन अन् याची नजर चुकंल. एकट्या आकांक्षाच्या हातून खाते, तेही ते पोट्टी दाराकडं पाठ करून बसते तवा, म्हणजे तिच्या खांद्यावरून याले रस्ता दिसते. एका जेवणाले दीड घंटा. पोरगी वाळून गेली. परवा मले म्हणाली का आजी, मी चंद्रपूरले नाई जात, पत्र पाठवून नाव काढून टाकते. म्या तिच्या एक थोबाडीत ठेवून देली. पंचविशीच्या पोरीले मारलं म्या. तुह्या वाटची होती, तिले बसली.

त्या पुलाचं वाचून दाखवलं त्याले. तो रडला. आता पुलाचं लिहू नको.

जुलैत बघतो म्हणते. जुलै हा जूनच्या नंतर येते रे बापा, तिकडं उलटं असंल तं मले माहीत नाई. ज्याच्याकडं हा डोळे लावून बसला त्यानं येऊन बसावं, नाईतं याचे डोळे दारावरून काढावे. दोहींपैकी एक व्हाले पाह्यजे. नाईतं तुही बहीण या बाजेच्या पायाशी म्हातारी होते, हे मी होऊ देणार नाई.

मया असू दे, पण हातापायात असू दे, कागदावर नको.

देवकाबाई


ट्रुहियो, १० एप्रिल

आजी, घाईत लिहितोय, टोळी खाली थांबलीय. कार्डावरचा किल्ला अरबांनी बांधलेला. मस्त बातमी: जुलै-ऑगस्टसाठी उत्तरेच्या पहाडातला मोठा मार्ग मलाच मिळाला! म्हणजे आता दिवाळीत नक्की येतो. बाबांना सांग. कार्डाचा कोपरा मीच फाडला, एका पाहुण्याला टायरच्या दुकानाचा नंबर लिहून द्यायला दुसरा कागद नव्हता. 
— रजत


श्री

हिंगणी, ता. १४ मे २०२४

ती. दादास आकांक्षाचा सा. न. वि. वि.

आजी पिठाच्या गिरणीवर गेलीय, तेवढ्यात लिहितेय. माझा फोन तिच्या कमरेला खोचलेला असतो, गिरणीवरही. पण फोन हातात असता तरी मला हे बोलता आलं नसतं.

तुझं कार्ड गेल्या आठवड्यात आलं. अंकुश म्हणून नवा पोस्टमन आहे, भला पोरगा. बाबा ओसरीवर बाजेवर होते. त्याला वाटलं, कार्ड म्हाताऱ्याच्याच हातात दिलं तर खूश होईल. त्यानं दिलं. वरचा कोपरा फाटलेला, आणि माथ्यावर श्री नाही.

तुला ठाऊक नसेल. मलाही नव्हतं. मरणाची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे आणि वर श्री लिहायचे नाहीत. असं कार्ड घरात नेत नाहीत. बाबांनी अशी किती वाटली असतील. आजी सांगते, ते असं कार्ड कधी कुणाच्या हातात देत नसत. ओट्यावर गोट्याखाली ठेवायचे, लांबून घंटी वाजवायचे आणि न थांबता पुढे जायचे. अक्षरं त्यांना लागत नाहीत दादा, पण कोपरा लागला. तिकीट परदेशातलं, तेव्हा कुणाच्या मरणाचं कार्ड हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

त्यांनी कार्ड अंगणाकडे धरलं. मला आधी कळलंच नाही. ते गोट्याखाली ठेव म्हणत होते. मग सुतकाच्या आंघोळीसाठी बादलीकडे हात केला. मग जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही.

मी ओरडून सांगायला धावले, की बाबा, दादा धडधाकट आहे, हे त्याच्या धांदलीनं झालंय. आजीनं मागून येऊन माझं तोंड दाबलं. हाताला चुलीच्या राखेचा वास होता. तिनं मला फक्त थांब म्हटलं, आणि मी थांबले. मग तिनं बादली भरली आणि बाबांच्या डोक्यावरून पाणी ओतलं, उरलेलं स्वतःच्या.

दोन दिवस त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. तिसऱ्या दिवशी बाज फिरवायची खूण केली. आता त्यांचं तोंड भिंतीकडे असतं. त्या दुपारी कवडूनं मऊ भाताचा घास पुढे केला आणि त्यांनी तोंड उघडलं. वाटीभर खाल्लं. काल न्हाव्याला बोलावून डोकं भादरून घेतलं. बापानं पोरासाठी भादरायचं नसतं असं न्हावी म्हणत होता. आजीनं त्याला सांगितलं की वस्तरा चालव, शास्त्र चालवू नको.

गाव आजीला नावं ठेवतं. ती म्हणते, नावं ठेवणाऱ्यानं एक दिवस येऊन कूस बदलावी.

मी दुसऱ्या दिवशी सांगू शकले असते. आजी झोपली तेव्हाही सांगू शकले असते. नाही सांगितलं. माझी बॅग भरलेली आहे, आणि ती भरताना मी गाणं गुणगुणत होते, हे माझ्याच लक्षात आलं. तू दहा जूनच्या आत येत असशील तर मी आजच्या आज बाबांना खरं सांगते, मग आजीनं मला घरातून काढलं तरी चालेल. येत नसशील तर मी काय करावं तेही तूच सांग. मला हे एकटीनं ठरवायचं नाहीये.

तुझ्या मनात माझी जागा आहे तशीच राहू दे, हे वाचूनसुद्धा.

आकांक्षा


श्री

कासेरेस, ता. २ जून २०२४

आजी, तुझ्या पाया पडून लिहायला आज हात वळत नाही. तू माझ्या बापाला मी मेलो असं समजू दिलंस. चुकून झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. तू पाणी ओतलंस.

ती. स्व. आजीस नमस्कार. वि. वि. चार दिवसांपासून फोन करतोय. तू उचलतेस, माझा आवाज ऐकतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे कुरिअरनं.

चूक माझी आहे, कबूल. कोपऱ्याची गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. पण त्या चुकीची ही शिक्षा? आणि ती मला नाही, त्यांना? मी इथे गावोगावच्या जुन्या थडग्यांवरचे लेख पाहुण्यांना वाचून दाखवतो आणि हसवतो. परवा एका थडग्यावरचा लेख अर्धाच सोडून मी सावलीत जाऊन बसलो. पाहुण्यांना वाटलं उन्हानं झालं.

मी येतोय. मालकाशी भांडून सुट्टी काढली. ३० जूनला हिंगणीत पोचतो. १४ जुलैला परत निघावं लागेल, पहाडातली टोळी थांबलेली असेल, त्याला इलाज नाही. पण हे दोन आठवडे मी बाबांच्या बाजेपासून हलणार नाही. तोवर तू त्यांना खरं सांग. तू सांगितलं नाहीस तर मी दारात उभा राहून सांगेन.

तुझ्यावरचा लोभ कुठे गेलाय ते शोधतोय. सापडला की कळवीन.

रजत


श्री

हिंगणी, ता. १४ जून २०२४

आता भेटलं तुले तिकीट? बाप तुही वाट पाहत उपाशी मरून राह्यला होता तवा इमानं भरली होती, अन् तू मेल्यावर जागा झाली. तेही जाण्या-येण्याचं. मेलेला माणूस परतीचं तिकीट काढून येते हे म्या पयल्यांदाच ऐकलं.

चि. रजत यास आशीर्वाद देऊ का नको हे मले समजत नाई, म्हणून अर्धा देते. वि. वि. तू निंगाच्या आत भेटावं म्हणून हेही कुरिअरनंच धाडते. तू पाणी ओतलं म्हणून लिहिलं. ओतलं. बादली माह्या हातानं भरली. कोपरा तू फाडला, मी फक्त तो जोडला नाई.

आकांक्षा गेली. नऊ तारखेले सकाळच्या बसनं. जाताना बापाच्या पायाशी बसून लय रडली, तिच्या तोंडावर ते सारं आलतं, आता बोलते का मंग बोलते. म्या तिच्या दंडाले धरून उठवलं. बापानं डाव्या हातानं तिच्या डोक्याले हात लावला अन् तोंड भिंतीकडं केलं. बस निंगाली तरीही मान नाई उचलली. तुह्यासंगं पोरीचीही वाट पाह्यणं सोडलं त्यानं. तेवढा हिशोब माह्याकडून चुकला, तो मी भोगीन.

आता तुले समजू दे. तुह्या बापाची तेरवी केली नाई म्या, तुही केली. त्यानंच बोटं मोजून खूण केली, म्हणून केली. घरातल्या घरात. वरण, भात, वडे, अन् तुले आवडते म्हणून भरलं वांगं. पान अंगणात ठेवलं. म्या म्हणलं, आता कावळा काही येत नाई, जित्याच्या पानाले कावळा कायले शिवंल, इथंच माही फजिती होते. तं हात धुवाच्या आत कावळा उतरला. दोन उतरले. धना पाहून राह्यला होता. कावळा पटकन शिवला म्हणजे मेलेल्याची कोणावर वासना राह्यली नाई, हे त्याले माहीत हाये. त्यानं डोळे मिटले, अन् त्या रातीपासून तो सरळ झोपते. पाह्य, कावळ्यालेही समजलं का तुहा जीव इकडं कशात गुंतला नाई.

आता त्याचं आंग धरलं. पाठीच्या जखमा सुकल्या. कवडू त्याले सकाळी ओसरीवर बसवते, दोघं मिळून कोंबड्या पाहतात. कवडू बावळटासारखं काही सांगते अन् हा परवा हासला. वाकडंच हासला, पण हासला. जित्या पोरापेक्षा मेलेला पोरगा त्याले मानवला, त्याले मी काय करू? जिता होता तवा रोज मरत होता. त्याची रोजची तेरवी म्या अन् तुह्या बहिणीनं चमच्या-चमच्यानं जेवली.

तू म्हणते दारात उभा राहून सांगीन. सांग. समजा त्याचं काळीज त्या धक्क्यात थांबलं नाई. दोन हप्ते बाजेपाशी बसशीन, पूल सांगशीन, रडशीन, त्याच्या हाताचं चुंबन घेशीन, जे तिकडं शिकला असशीन ते करशीन. मंग पंधराव्या दिवशी पिशवी पाठीले लावशीन. अन् हा बाज फिरवाले लावंल. तोंड पुन्हा दाराकडं. दात पुन्हा मिटलेले. अन् मंग एक दिवस चंद्रपूरवरून पोरीले बोलवा लागंल, कारण त्याच्या पोटात अन्न जाईना. एका बापाले एकाच पोराचं दोनदा सुतक धराले लावू नको. एकदा मी लावलं, माह्यात तेवढी कळ होती. दुसऱ्यांदा मीही नाई पुरणार, तोही नाई.

म्हणून ऐक. तुले इथंच राहाले यायचं असंल, कागद गेला तं जाऊ दे, पहाड पडले तं पडू दे, असं म्हणून यायचं असंल, तं ये. मी सोता धनाच्या पायथ्याशी बसून सांगीन का बापा, मी खोटी बोलली, तुहा पोरगा जिता हाये. त्यानं डाव्या हातानं मारलं तं मार खाईन. त्यानं जलमभर माह्या हातचं पाणी घेतलं नाई तरी चालंल. पण पंधरवड्याच्या पाहुण्यासाठी मी मेलेला उठवणार नाई. तिकीट जाण्या-येण्याचं असंल तं सेलूच्या इकडं पाय टाकू नको. टाकला तं मीच दारात उभी राहीन, अन् तू कोण म्हणून इचारीन, अन् गाव माहं ऐकते.

तू निर्दय म्हणशीन. म्हण. मया करणारे या घरात तुम्ही बहीण-भाऊ दोघं हाये, कोणीतरी कामाचं पाह्यजे.

फोन करू नको, मी तुहा आवाज ऐकून ठेवून देत होती ते रागानं नाई, याच्या कानावर जाऊ नये म्हणून. पत्र टाकू नको, अंकुशले सांगून ठेवलं, तुह्या नावाचं काही आलं तं परत. आकांक्षाले इचारू नको का मी काय करू, तिनं तुले इचारलं तवा तू तारीख कळवली. तिच्या वाटचं उत्तर म्या देऊन टाकलं. आता या पत्राचं उत्तर तूच द्यायचं, सोता येऊन, पिशवी खाली ठेवून. ते जमत नसंल तं कोणीच द्यायचं नाई.

देवकाबाई